पहिला क्लायंट हातात देणाऱ्या मॅडम

सहाची_बॅच

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. ट्रेनर म्हणून मला आता अकरा वर्षं झाली. स्वतःची बॅच आहे, सकाळी सहाला पहिली माणसं येतात म्हणून आयडीही तोच घेतलाय. लोक विचारतात की या लाइनमध्ये कसा आलास, आणि मी दरवेळी सांगतो की व्यायामाची आवड होती म्हणून. ते खोटं नाही पण अर्धंच आहे, कारण तेवढीच आवड असलेले माझ्याबरोबरचे तिघं वर्षभरात लाइन सोडून गेले. मी टिकलो ते एका बाईंमुळे. मी त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेवढंच म्हणतो, नाव घातलेलं त्यांना आवडणार नाही.

तेव्हा मी एका जिममध्ये फ्लोअर ट्रेनर होतो. म्हणजे प्लेट जागेवर लावायच्या, डंबेल रॅकवर ठेवायचे, कोणी हाक मारली तर जाऊन बघायचं. सर्टिफिकेट होतं, परीक्षेत मार्क चांगले होते, स्नायूंची नावं तोंडपाठ. मॅडम तिथल्या सगळ्यात सीनियर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "ती समोर स्क्वॉट करतेय ना, तिच्याकडे बघ आणि काय दिसतं सांग." मी लगेच सांगितलं की गुडघे आत येतायत, टाचा उचलल्या जातायत. "बरोबर. अजून?" मला अजून काही दिसेना. मी पाठीचा कोन वगैरे सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ती प्रत्येक रेपच्या (म्हणजे एकदा खाली जाऊन वर येण्याच्या) आधी दाराकडे बघतेय. तिला कुठेतरी वेळेवर पोचायचंय. आज तिला नवीन काही शिकवायला जाऊ नकोस, हलकं वजन दे, चार रेप नीट होऊ देत आणि दहा मिनिटं लवकर सोड."

मी तसं केलं. ती बाई जाताना पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली की टाचांचं काय ते आज दाखव.

मग त्यांनी मला एक वही घालायला लावली. डाव्या पानावर आज काय करायचं ठरवलंय ते, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. आठवड्याने त्या वही मागायच्या आणि पेन्सिलीने उजव्या पानावर गोल करायच्या. डाव्या पानाला कधी हात लावला नाही. मी विचारलं की प्लॅन बरोबर आहे का ते तरी बघा, तर म्हणाल्या "प्लॅन कोणीही लिहितं, माणसाने त्याचं काय केलं ते बघ." ती वही अजून माझ्याकडे आहे, कव्हर गेलंय पण गोल दिसतात.

आता मुख्य गोष्ट. चार-पाच महिने झाले असतील, त्यांनी स्वतःचा एक क्लायंट मला दिला. दिला म्हणजे खरंच दिला, त्याच्या पर्सनल ट्रेनिंगमधला त्यांचा हिस्सा त्या दिवसापासून माझा झाला. ५८ वर्षांचे गृहस्थ, बायपास झालेली, हॉस्पिटलमधलं रिहॅब (ऑपरेशननंतर सावरायचा व्यायाम) पूर्ण झालेलं, डॉक्टरांची लेखी परवानगी असलेले. मी आदल्या रात्री झोपलो नाही. सकाळी त्यांना ट्रेडमिलवर चालायला लावलं, नाडी बघत होतो, आणि नाडी काही वरच जाईना. मला वाटलं यांना फारच सोपं जातंय, म्हणून स्पीड वाढवला. परत नाही. परत वाढवायला बटणाकडे हात नेला तर मॅडमचा हात माझ्या हातावर. आवाज अजिबात चढवला नाही, फक्त "फॉर्म वाचलास का पूर्ण?"

फॉर्म म्हणजे ती व्यायामाआधी तब्येत विचारणारी सात प्रश्नांची पार-क्यू, जी नवीन माणसाकडून आपण सगळेच भरून घेतो आणि फाइलला लावून टाकतो. त्यात औषधांचा प्रश्न होता आणि त्या गृहस्थांनी स्वच्छ अक्षरात बीटा ब्लॉकरचं नाव लिहिलेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे औषध हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे माणूस दमून गेला तरी नाडी शांतच दिसते. मी आकड्याकडे बघत होतो आणि समोर त्यांच्या कपाळावर घाम आला होता, वाक्य तुटक यायला लागलं होतं, ते मी बघितलंच नव्हतं.

मॅडमनी स्पीड कमी केला, त्यांना सावकाश चालवत ठेवलं आणि त्यांच्याशी गप्पा मारायला लागल्या, जसं काही झालंच नाही. त्यांच्यासमोर मला एक शब्द बोलल्या नाहीत. मला खात्री होती की आता हा क्लायंट परत जाणार. सेशन संपल्यावर त्या गृहस्थांना म्हणाल्या, "उद्यापासून हाच बघेल तुमचं, मी आहेच." आणि पुढचे दोन आठवडे त्या रोज त्या वेळेला दुसऱ्या टोकाला आमच्याकडे पाठ करून उभ्या असायच्या. मला फार उशिरा कळलं की तिथून आरशात आम्ही दोघं पूर्ण दिसतो.

आता माझी अडचण. सहा वर्षांपूर्वी मी ती जागा सोडून स्वतःची बॅच सुरू केली. सोडताना मॅडमना सांगितलं, त्यांनी पाठीवर थाप मारली. पण नंतर महिन्याभरात त्यांचे दोन क्लायंट माझ्याकडे आले. मी बोलावलं नव्हतं, शपथेवर सांगतो, वेळ सोयीची म्हणून आले. पण मला इतकं अपराधी वाटलं की मी फोन करायचं टाळलं, मग टाळलं म्हणून अजून लाज वाटली, आणि असं करत करत सहा वर्षं झाली. साधं थँक्यू म्हटलेलं नाही त्या बाईंना मी कधी. आता कसं म्हणू? तुमच्यापैकी कोणी इतक्या उशिरा आपल्या गुरूला भेटलंय का?

लोखंडवेडी

वाचता वाचता घशात आवंढा आला. आरशातून बघत उभं राहणं म्हणजे काय ते ज्याला असं कोणी मिळालंय त्यालाच कळेल.

मला असे एक सर मिळाले. माझी सवय होती सूचनांचा भडिमार करायची, छाती वर, पोट आत, गुडघे बाहेर, कंबर सरळ, सगळं एका रेपमध्ये. समोरचा माणूस बिचारा दगड व्हायचा. सरांनी मला एक महिना नियम घालून दिला, एका सेटला (सलग केलेल्या रेपच्या एका फेरीला) एकच वाक्य. आणि ते वाक्य शरीराबद्दल नको, बाहेरच्या गोष्टीबद्दल हवं. "गुडघे सरळ करा" नाही, "जमीन खाली ढकला". नंतर मी वाचलं की गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक बाईंनी १९९८ पासून यावरच काम केलंय, लक्ष शरीराच्या भागावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलं तर माणूस लवकर आणि नीट शिकतो. सरांनी ते संशोधन वाचलं होतं का माहीत नाही, त्यांना ते माणसं बघून कळलेलं असावं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, फोन करा. आजच करा.

हाडं_आणि_सांधे

मी फिजिओ आहे म्हणून बीटा ब्लॉकरबद्दल दोन शब्द, कारण हा धागा नवीन ट्रेनर पण वाचतील. अशा पेशंटला वयावरून काढलेली २२० वजा वय वाली कमाल नाडी लावूच नका. ते सूत्र निरोगी माणसाच्या बाबतीतही दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, औषध चालू असेल तर त्याला अर्थच राहत नाही. त्यांना विचारा की किती जड वाटतंय. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ६ ते २० अशी पट्टी बनवली ती यासाठीच उपयोगी पडते, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, १३ म्हणजे जरा जड, २० म्हणजे याच्यापुढे शक्य नाही. हृदयाच्या रिहॅबमध्ये साधारण ११ ते १४ च्या मध्ये ठेवतात, पण नेमकं किती ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं धरायचं. आणि बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, हे मॅडमनी ज्या पद्धतीने गप्पा मारून तपासलं ना ते बघून मला त्यांना भेटावंसं वाटतंय. गप्पा नव्हत्या त्या, टेस्ट होती.

सहाची_बॅच

ताई, अकरा वर्षांनी मला आज कळतंय. मला वाटत होतं की त्या वातावरण हलकं करतायत. खरंच त्या त्यांना लांब लांब वाक्यांची उत्तरं द्यायला लावत होत्या, मुलीचं काय चाललंय, घर कधी बदललं वगैरे. आता सगळं आठवतंय.

रोखठोक

सगळे भावुक झालेत म्हणून मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका.

मलापण एक "गुरू" होता. आठ महिने मी त्याच्यामागे फुकट उभा राहिलो, शिकतोयस ना मग पैसे कशाचे असं म्हणायचा. नंतर कळलं की माझ्याकडून करून घेतलेली सेशन्स तो स्वतःच्या नावावर लावत होता. मी सोडतो म्हटल्यावर सगळीकडे सांगत सुटला की मी घडवला याला आणि हा उलटला. शिकवायचं म्हणाल तर एक नवीन मुलगा आला होता, पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शेकड्याने उठाबशा काढून घेतल्या, जोश यावा म्हणून. दोन दिवसांनी त्याला पाय वाकवता येईनात आणि लघवी गडद तपकिरी. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, स्नायू फाटून त्यातलं प्रथिन रक्तात जातं आणि किडनीवर येतं, रॅब्डो म्हणतात त्याला. मुलगा वाचला, बरा झाला. आणि या "गुरू"ने तिथे माझ्याकडे बोट दाखवलं.

म्हणून मला या कृतज्ञतेच्या गोष्टींची भीती वाटते. या लाइनमध्ये उपकाराचं ओझं टाकून पोरांना राबवतात. सहाची_बॅच, क्लायंट कोणाची मालमत्ता नसतो. ते दोघं स्वतःच्या पायाने तुमच्याकडे आले. तुम्ही काही चोरलं नाही, सहा वर्षं कशाला जळताय?

धावणारा_काका

मी ट्रेनर नाही, क्लायंट आहे, वय ६६. माझ्या बाजूने सांगतो. मीही माझ्या जुन्या ट्रेनरला सोडून तिच्याच हाताखालच्या मुलाकडे गेलो होतो कारण माझी वेळ बदलली. आम्ही लोक जातो ते वेळ, अंतर, जिना किती आहे असल्या कारणांनी जातो हो. जुनीला मी स्वतः सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं काका, तो माझ्याच पद्धतीने बघेल तुम्हाला. तिच्या चेहऱ्यावर मला तरी वाईट वाटल्याचं काही दिसलं नाही, उलट निश्चिंत वाटली. तुमच्या मॅडमनी ज्या दिवशी आपला बायपासवाला माणूस तुमच्या हातात दिला त्या दिवशीच त्यांनी बाकीच्यांची पण काळजी सोडली असणार.

आणि तुम्हा लोकांना तुमच्या कामाची किंमत कळते की नाही मला शंका येते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली होती, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. मी आयुष्यभर खुर्चीत बसून काम केलं. साठीनंतर मला खुर्चीतून उठवून चालायला लावलं ते तुमच्यासारख्याच एका पोराने, आणि त्याला कोणीतरी शिकवलं म्हणूनच ना.

सहाची_बॅच

काका, तुमचं वाक्य दोनदा वाचलं. खरं सांगतो, या बाजूने मी विचारच केला नव्हता.

रोखठोक भाऊ, तुमच्यावर जे गुदरलं ते वाचून राग आला, आणि त्या मुलाचं वाचून अंगावर काटा. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, असले लोक आहेत आणि खूप आहेत. पण फरक सांगतो. मॅडमच्या बाजूला उभं राहायचे माझे तास त्यांनी मॅनेजरशी भांडून ड्युटीत धरायला लावले होते. मला म्हणाल्या होत्या की फुकट शिकवलेलं माणूस फुकटच विसरतो, आणि उपाशी पोटी कोणी नीट बघू शकत नाही. माझी मापं, माझी वही, माझ्या क्लायंटचा प्रगतीचा तक्ता, कशावर त्यांचं नाव कधी नव्हतं. ते गृहस्थ सहा महिन्यांनी जिने न थांबता चढायला लागले तेव्हा त्यांच्या बायकोने येऊन मॅडमचे आभार मानले, मॅडमनी मला हाक मारून पुढे उभं केलं.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितलेली, जी मी माझ्या प्रत्येक नवीन ट्रेनरला सांगतो. थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा. जखमी सैनिकांचे गुडघे, मांड्या इतक्या कमकुवत व्हायच्या की महिनोन् महिने खाटा अडून राहायच्या, आणि तेव्हाची पद्धत म्हणजे हलके हलके व्यायाम फार वेळ करायचे. याला लहानपणी संधिवाताचा ताप आला होता आणि वजनं उचलून तो स्वतः सावरला होता, म्हणून त्याने सैनिकांना जड वजन द्यायचं धाडस केलं, दहा रेप जेमतेम होतील एवढं, आणि जमेल तसं वाढवत न्यायचं. आज आपण जे वजन हळूहळू वाढवतो त्याची लेखी सुरुवात तिथली. पण मॅडमना त्यातलं आवडायचं ते वेगळंच. त्याने सुरुवातीला सात ते दहा सेट सांगितले होते, आणि १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिताना ते तीनवर आणले, पहिला अर्ध्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. मॅडम म्हणायच्या, "स्वतःचं छापलेलं मागे घ्यायला छाती लागते. आपण तर नुसत्या वहीत लिहितो, खोडायला काय जातंय." म्हणून पेन्सिल.

नवशिकी

मी नुकतंच सर्टिफिकेशन पूर्ण केलंय, अजून कुठे लागले नाही. हा धागा वाचून आनंदपण झाला आणि धडधडपण, कारण मला रोखठोक दादांसारखा माणूस मिळाला तर (म्हणजे त्यांना मिळाला तसा, दादांबद्दल नाही बोलत) मला ओळखू कसं येणार? सुरुवातीला सगळेच गोड बोलतात. आणि मी मुलगी आहे, पुरुष सीनियरला मला शिकवा म्हणायला अवघड वाटतं, त्याचा अर्थ काय काढतील कोण जाणे.

लोखंडवेडी

नवशिकी, तुझी भीती अगदी खरी आहे, मी त्यातूनच गेलेय. मी काय करायचे सांगते. नोकरी पक्की करायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं जाऊन व्यायाम करायचा आणि बघत बसायचं. सीनियर माणूस फ्लोअरवरच्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाशी कसा वागतो ते बघ. तगड्या पोरांशी सगळेच छान वागतात. जो वजन जास्त असलेल्या, घाबरलेल्या, पहिल्या दिवशी आलेल्या माणसाच्या डोळ्यात बघून बोलतो आणि हात लावायच्या आधी विचारतो की मी इथे हात लावू का, त्याच्याकडे शिक. हात लावण्याचं नियमाने विचारणारा माणूस तुझ्याशीही नीट वागण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव.

आणि मला शिकवा असं मोघम म्हणू नकोस. "सातला तुमच्या ज्या क्लायंट येतात त्यांचं सेशन मी लांबून बघू का, त्यांची परवानगी असेल तर" असं विचार. नेमकं काम मागितलं की अर्थ काढायला जागा राहत नाही. तास किती, पैसे किती, कोणाच्या नावावर सेशन, हे पहिल्याच दिवशी लिहून घे. जो खरंच शिकवणारा असेल तो यावर चिडणार नाही.

हाडं_आणि_सांधे

लोखंडवेडीला दुजोरा. आणि नवशिकी, अजून एक प्रश्न विचार, तुम्ही सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं) ट्रेनिंग शेवटचं कधी केलंत? ज्याला मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल एवढे, हे न अडखळता सांगता येतं आणि जो दर दोन वर्षांनी परत ट्रेनिंग घेतो, शॉकचं मशीन कुठल्या भिंतीला आहे हे ज्याला अंधारातही सापडेल, तो माणूस जबाबदारी मानतो. माझ्या कामात मी ट्रेनर लोक खूप बघते, आणि मला पेशंट कोणाकडे पाठवावा हे मी याच्यावरूनच ठरवते. पोटावरच्या रेघा बघून कधीच नाही.

बारबेल_बाराखडी

धागा आवडला. छोटी भर. आर्नोल्ड श्वार्झनेगरसारखा माणूस १९६८ मध्ये बॉडीबिल्डिंगची मासिकं काढणाऱ्या जो वीडरने बोलावलं म्हणून अमेरिकेत आला, राहायची सोय पण वीडरनेच केली. आणि तो जाहीर भाषणांमधून सांगतो की मला सेल्फ-मेड म्हणू नका. एवढा मोठा होऊन त्याला म्हणावंसं वाटतं तर आपल्याला उशीर झाला म्हणून लाजायचं कारण नाही.

रोखठोक

सहाची_बॅच, ड्युटीत धरायला लावले हे वाचलं नव्हतं, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. मग माझे शब्द मागे. ती बाई वेगळी आहे.

आणि काल रात्री विचार करत होतो, मला पण एक माणूस आठवला. त्या जागेचा सफाई करणारा, वयस्कर. त्या मुलाला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी सगळे माझ्याकडे बोट दाखवत होते, तेव्हा तो एकटा मॅनेजरसमोर उभा राहिला आणि म्हणाला की उठाबशा याने नाही काढून घेतल्या, मी फरशी पुसत होतो, मी बघितलंय. त्याची नोकरी जाऊ शकली असती. माझं करिअर त्या एका वाक्यावर टिकलं. मी त्याला नुसता हात जोडून निघालो होतो. तो अजून तिथेच आहे असं ऐकलंय. रविवारी जातो.

नवशिकी

लोखंडवेडी ताई, फिजिओ ताई, दोघींची उत्तरं वहीत लिहून घेतली. डाव्या पानावर. 🙏

धावणारा_काका

रोखठोक, जा. आणि सहाची_बॅच, तुमचं काय झालं? चार दिवस गप्प आहात.

सहाची_बॅच

काका, गेलो होतो. फोन नाही केला, सरळ गेलो, कारण फोनवर मी परत टाळलं असतं.

मॅडमनी ती जागा सोडली, आता घरीच दोन-तीन जणींना शिकवतात. दार उघडलं आणि म्हणाल्या "ये, वजन वाढलंय तुझं जरा." मी पाठ करून गेलो होतो सगळं, की मॅडम तुम्ही माझ्यासाठी असं केलं, तसं केलं, ते दोन क्लायंट मी बोलावले नव्हते. पहिलं वाक्य पूर्ण झालं आणि पुढे मला बोलताच येईना. त्या पाण्याचा ग्लास घेऊन आल्या, डाव्या हाताने. त्या उजव्या हाताच्या आहेत हे मला पक्कं माहीत आहे, सगळे गोल उजव्या हाताने काढलेले. ग्लास ठेवल्यावर केस मागे करायला डावाच हात वर गेला. मग मी बोलायचं थांबवलं आणि बघत बसलो.

विचारलं, मॅडम उजवा खांदा? म्हणाल्या "आठ महिने झाले. फ्रोजन शोल्डर, खांदा आखडलाय. डॉक्टरांनी बघितलंय, फोटो काढलेत, बाकी काही नाही म्हणाले, फिजिओ सांगितलंय." फिजिओकडे जाताय का विचारलं तर गप्प. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणारी बाई स्वतःच्या बाबतीत आठ महिने गप्प बसली होती. हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितला तर जेमतेम मनगट हललं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणाल्या.

माझ्या बॅगेत फॉर्म असतात कायम. एक काढला, पेन दिलं, म्हटलं मॅडम भरा. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता चष्मा लावला. सातही प्रश्न सावकाश वाचून भरले, डाव्या हाताने, वेडंवाकडं अक्षर. औषधांच्या प्रश्नापाशी थांबल्या, मग लिहिलं. बीपीची गोळी, दोन वर्षांपासून, बीटा ब्लॉकरच. घरी सोडून कोणाला माहीत नव्हतं म्हणाल्या. मी तो फॉर्म दोनदा पूर्ण वाचला, त्यांच्यासमोर, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. त्या बघत होत्या.

क्लायंटचा विषय मी परत काढला तर म्हणाल्या, "त्यातल्या एकीला तुझी वेळ मीच सांगितली होती. तू सांगितलं नसतं तरी तुझ्याकडेच पाठवणार होते." म्हणजे सहा वर्षं मी काय समजून बसलो होतो.

थँक्यू म्हटलं शेवटी, निघताना, दारात. "बरं" म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला उजवा हात उचलला, तो अर्ध्यावर अडला, मग डावा ठेवला.

फिजिओ ताई, तुम्ही भेटायचं म्हणाला होतात म्हणून विचारतो, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. आधी तुम्ही तपासा आणि काय करू द्यायचं ते सांगा, मग वाकून हात लोंबता ठेवून झुलवणं, भिंतीवर बोटं चालवणं, असलं हलकं मी रोज करून घेईन, दुखण्याच्या अलीकडे थांबून. चालायला पण नेणार आहे, नाडी न बघता, गप्पा मारत. सोमवारपासून सकाळी पावणेसहा, बॅचच्या आधी. नवीन वही घेतलीये, पेन्सिल त्यांच्याकडेच आहे म्हणाल्या.

हाडं_आणि_सांधे

व्यनि बघितला. शनिवारी दुपारी घेऊन या. फॉर्मची कॉपी बरोबर आणा आणि खांद्याचे फोटो पण, मूळचे. मधुमेहाची तपासणी कधी केली होती तेही विचारून ठेवा, मधुमेह असलेल्यांत फ्रोजन शोल्डर जास्त दिसतो. तोवर ओढाताण अजिबात नाही, जड उचलणं नाही, त्या कितीही म्हणाल्या तरी.

सहाची_बॅच

विचारतो. शनिवारी येतो ताई.